तुरुंगांचा हिशेब मांडणारा शेरीफ

इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्याचे शेरीफपद १७७३ साली जॉन हॉवर्ड यांच्याकडे आले, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. मुंबईचे नगरपालपद ज्या इंग्रजी पदाच्या धर्तीवर निर्माण झाले, तेच हे पद. मान मोठा, काम बेताचे. दौऱ्यावरील न्यायाधीशांचे स्वागत करावे, खटल्यांच्या वेळी न्यायालयात उपस्थित राहावे, एवढ्यावर बहुतेक शेरीफांची कारकीर्द आटोपत असे. परगण्याचा तुरुंगही नियमाने शेरीफच्याच ताब्यात असे. पण त्याची पायरी चढणारा शेरीफ विरळाच. हॉवर्ड ती पायरी चढले.

आत त्यांना जे आढळले, त्याने त्यांच्या उर्वरित आयुष्याची दिशा ठरली. न्यायालयाने निर्दोष ठरवलेली माणसे पुन्हा त्याच तुरुंगात नेऊन डांबली जात होती. काहींचा फिर्यादी हजरच झाला नव्हता, काहींवर खटला चालवण्याइतका पुरावाही सापडला नव्हता; तरीही ती आत होती. कारण एकच होते. तुरुंगाधिकाऱ्याची फी भरण्याची त्यांची ऐपत नव्हती. या अधिकाऱ्याला पगार नसे. कैद्याला सोडण्याची फी, बेड्या हलक्या करण्याची फी आणि तुरुंगातच दारू विकून मिळणारा नफा, यांवर त्याची गुजराण चाले. निर्दोष माणसाला फुकट सोडणे म्हणजे त्याच्या दृष्टीने पदरचे घालवणे होते.

फी बंद करून तुरुंगाधिकाऱ्याला पगार द्यावा, अशी सूचना हॉवर्ड यांनी परगण्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढे मांडली. सूचना त्यांना पटली, पण असा खर्च अन्य कोणत्या परगण्यात केला जातो याचा दाखला त्यांना हवा होता. सरकारी कचेऱ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे उत्तर ओळखीचे वाटेल. हॉवर्ड यांनी ते शब्दशः घेतले. घोड्यावर बसून ते शेजारच्या परगण्यांत दाखला शोधायला निघाले. दाखला कोठेच मिळाला नाही. मात्र प्रत्येक तुरुंगात तोच अन्याय दिसला आणि त्याहून भयंकर असेही बरेच काही दिसले.

कैदेचा अनुभव हॉवर्ड यांना नवा नव्हता. १७२६ साली जन्मलेले हॉवर्ड एका सधन व्यापाऱ्याचे चिरंजीव. तरुणपणी त्यांना किराणा मालाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवले गेले, पण वडिलांच्या निधनानंतर हाती आलेल्या संपत्तीमुळे पोटासाठी काही करण्याची गरज उरली नाही. भूकंपाने उद्ध्वस्त झालेले लिस्बन पाहण्यासाठी १७५६ साली ते समुद्रमार्गे निघाले असता फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले आणि सर्वांना ब्रेस्टच्या तळघरात कोंडले. उपाशी कैद्यांपुढे तेथे मांसाचा एक तुकडा फेकण्यात आला. सुरी कोणाकडेच नव्हती, तेव्हा तो दातांनीच तोडावा लागला. कैद्यांच्या अदलाबदलीत हॉवर्ड मायदेशी परतले, कार्डिंग्टन येथील जमिनीवर कुळांसाठी नीटनेटकी घरे बांधण्यात रमले. हा माणूस असाच एक भला जमीनदार म्हणून विस्मृतीत गेला असता.

दाखल्याच्या शोधात त्यांनी जे तुरुंग पाहिले, त्यांची वर्णने आजही सुन्न करतात. खिडक्यांवर कर होता आणि तो तुरुंगाधिकाऱ्याला भरावा लागे. म्हणून कित्येक ठिकाणी खिडक्याच विटांनी बुजवल्या होत्या. प्लिमथमध्ये १७ फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच अशी एक कोठडी होती. उंच माणसाला तिच्यात ताठ उभेही राहता येत नसे, आणि उजेड व हवा येई ती दारातील वीतभर झरोक्यातून. अनेक तुरुंगांत पाण्याची सोय नव्हती, कर्जदार कैद्यांना अन्न देण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

सर्वांत मोठे भय होते तुरुंगज्वराचे. फाशीपेक्षा या तापाने अधिक कैदी दगावतात, असा हॉवर्ड यांचा निष्कर्ष होता. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात आरोपींबरोबर आलेल्या या तापाने लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशांसह पन्नासहून अधिक जणांचा बळी घेतला होता. दूषित हवेमुळे ताप पसरतो, असाच समज हॉवर्ड यांच्यासह सर्वांचा होता. हा टायफस उवांमुळे पसरतो हे चार्ल्स निकोल यांनी सिद्ध केले ते १९०९ साली. हॉवर्ड यांचे कारण चुकले, उपाय मात्र बरोबर ठरले. आंघोळ, धुतलेले कपडे, चुना दिलेल्या भिंती आणि आजाऱ्यांसाठी वेगळी खोली, ही त्यांची मागणी होती.

त्यांची कामाची पद्धत साधी होती. मोजपट्टी, वही आणि व्हिनेगरची कुपी घेऊन ते कोठडीत उतरत, लांबी-रुंदी मोजत, भाकरीचे वजन करीत, कैद्यांची संख्या लिहून घेत. कपड्यांना इतकी दुर्गंधी येई की बंद गाडीतून प्रवास अशक्य होई आणि घोड्यावरच जावे लागे. वहीची पानेही विस्तवापुढे शेकल्याशिवाय हातात धरवत नसत.

मार्च १७७४ मध्ये त्यांनी पार्लमेंटपुढे साक्ष दिली आणि सभागृहाने त्यांचे आभार मानले. त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने निर्दोष सुटलेल्यांकडून फी घेण्यास बंदी केली, दुसऱ्याने स्वच्छता आणि वैद्यकीय देखभाल सक्तीची केली. कायदा कागदावरच राहील याची हॉवर्ड यांना जाणीव असावी. कायद्यांच्या प्रती स्वखर्चाने छापून त्यांनी देशभरच्या तुरुंगाधिकाऱ्यांना धाडल्या आणि त्यांचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा फेरी सुरू केली. अनेक ठिकाणी ते होत नव्हते. तुरुंगांतील फीची पद्धत इंग्लंडमधून कायद्याने हटायला १८१५ साल उजाडले.

१७७७ साली इंग्लंड आणि वेल्समधील तुरुंगांच्या स्थितीवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात भावनेला आवाहन फारसे नाही, आकडे आहेत. त्यांनी मोजलेल्या ४,०८४ कैद्यांपैकी २,४३७ निव्वळ कर्ज न फेडल्यामुळे आत होते. निम्म्याहून अधिक कैद्यांचा गुन्हा दारिद्र्य हाच होता, हे या एका आकड्याने उघड केले.

पुढे त्यांनी युरोप पालथा घातला. गेंटच्या कारागृहातील शिस्तबद्ध काम आणि रात्री प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, ही रचना त्यांना भावली. १७७९ च्या इंग्लिश कायद्यात तिचे प्रतिबिंब उमटले. मात्र नव्या कारागृहाच्या जागेवरून सदस्यांत एकमत न झाल्याने हॉवर्ड यांनी देखरेख समिती सोडली. या वारशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पेंटनव्हिलसारख्या तुरुंगांत कैद्यांना जवळजवळ पूर्ण एकांतात ठेवले गेले आणि काहींचे मानसिक संतुलन ढळले. अहोरात्र एकांत माणसाला सोसवत नाही, असे हॉवर्ड यांनी स्वतःच बजावले होते. त्यांच्या अनुयायांनी कोठडी उचलली, इशारा मागे ठेवला.

परक्यांच्या दुःखामागे धावणाऱ्या या माणसाच्या घरी मात्र वेगळीच शोकांतिका घडत होती. त्यांच्या दुसऱ्या पत्नी हेन्रिएटा १७६५ साली मुलाच्या जन्मानंतर काही दिवसांतच वारल्या. मुलगा शाळांत आणि इतरांच्या देखरेखीखाली वाढला, वडील बहुतेक काळ वाटेवर. शिस्त कडक, सहवास तुटपुंजा. १७८६ साली मुद्दाम साथीचा संशय असलेल्या जहाजातून व्हेनिसला जाऊन हॉवर्ड तेथील विलगीकरणगृहात राहिले, आतील व्यवस्था स्वतः अनुभवता यावी म्हणून. मुलाच्या मनःस्थितीची वाईट बातमी त्यांना याच प्रवासात कळली. आपला पुतळा उभारण्यासाठी इंग्लंडमध्ये वर्गणी गोळा होत असल्याचेही समजले. तो बेत त्यांनी पत्रे लिहून थांबवला. मुलाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तो तेथून बरा होऊन परतला नाही आणि १७९९ साली वारला.

वडील त्याआधीच गेले होते. १७८९ साली हॉवर्ड अखेरच्या प्रवासाला निघाले. रशिया-तुर्कस्तान युद्धातील सैनिकांच्या इस्पितळांची दैना पाहत ते काळ्या समुद्राजवळील खेर्सनला पोहोचले. एका तापाच्या रुग्ण तरुणीवर उपचार करताना त्यांनाही ताप आला आणि २० जानेवारी १७९० रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी सुमारे ४२ हजार मैलांचा प्रवास आणि जवळपास ३० हजार पौंडांचा खर्च केला होता, तोही पदरचा.

थडग्यावर स्मारक नको, एक सूर्यघटिका ठेवा आणि मला विसरा, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली नाही. १७९६ साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांचा पुतळा बसला. त्या वास्तूत कोणाचाही उभारलेला तो पहिलाच पुतळा. खेर्सनमध्येही पुढे त्यांच्या नावाचा दगडी स्तंभ उभा राहिला. त्यावर सूर्यघटिका तेवढी आहे.