टोपणनावामागचे जेम्स मॉफट

१९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या शाळांतून एक चोपडीवजा पुस्तक या दप्तरातून त्या दप्तरात फिरत असे. खिशात मावेल एवढा आकार, स्वस्त कागद, आणि मुखपृष्ठावर केस बारीक कातरलेल्या दांडगट पोरांचे छायाचित्र. पुस्तकाचे नाव ‘स्किनहेड’, लेखक रिचर्ड ॲलन. मास्तरांनी ते जप्त करावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची दुसरी प्रत निघावी, असा प्रकार. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची अशी समजूत होती की, हा ॲलन आपल्यातलाच कोणी तरणाबांड असला पाहिजे. त्याखेरीज आपल्या गल्लीतली भाषा त्याला कशी यावी? वस्तुतः रिचर्ड ॲलन हे केवळ टोपणनाव होते. त्यामागे बसून टंकलेखनयंत्र बडवणारे गृहस्थ जेम्स मॉफट हे होते. जन्माने कॅनडाचे, आणि त्या वर्षी वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी केलेले.

मॉफट यांचा जन्म १९२२ चा. इंग्लंडात येऊन त्यांनी लेखणीवर पोट भरण्याचा मार्ग धरला. हेरकथा, खूनकथा, घोडेस्वारांच्या पश्चिमी कथा, भुताखेतांच्या गोष्टी, मासिकांचा मजकूर, जे मागितले जाईल ते त्यांनी लिहून दिले, आणि प्रत्येक प्रकाराला नवे नाव लावले. ‘क्वीन काँग’ नावाच्या एका थिल्लर चित्रपटावरची कादंबरीसुद्धा त्यांच्या खात्यावर आहे. त्यांच्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या वर सांगितली जाते. मराठी वाचकांस ह्यावरून बाबूराव अर्नाळकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूरावांचेही ते नाव टोपणनावच. परंतु ते एकच होते आणि त्याला घरोघरी माया होती. मॉफट यांना तसे एक नाव फार उशिरा लाभले, आणि लाभले तेही असे की, ते आपले म्हणून मिरविण्याची सोय नव्हती. पन्नाशीला टेकलेल्या मनुष्याने मी तुमच्यातला नव्हे असे सांगितले असते, तर पुस्तकाची निम्मी जादू तिथेच उतरली असती.

हे घडले कसे, ते पाहण्याजोगे आहे. लंडनच्या ‘न्यू इंग्लिश लायब्ररी’ ह्या प्रकाशनसंस्थेचा धंदा स्वस्त पुस्तकांचा. रेल्वेच्या स्टेशनावर, कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानात ती विकली जात. १९६९ साली वर्तमानपत्रे स्किनहेड पोरांच्या मारामाऱ्यांनी भरून गेली होती, तेव्हा ह्या विषयावर एक कादंबरी ताबडतोब हवी अशी संस्थेची निकड झाली. मॉफट पूर्व लंडनमधल्या एका दारूच्या गुत्त्यात गेले, तिथल्या पोरांना बिअर पाजली, त्यांचे बोलणे ऐकले, आणि घरी येऊन आठवड्याभरात कादंबरी हातावेगळी केली, असे सांगतात. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या मनुष्याला फर्माईश ह्या शब्दाचे नवल वाटत नाही. फर्माईश आली की गावे लागते. पण गवई फर्माईश पुरी करतो ती आपल्या घराण्याच्या पुंजीतून. मॉफट यांच्यापाशी ह्या विषयाची पुंजी एका संध्याकाळची होती.

कादंबरीचा नायक ज्यो हॉकिन्स हा प्लेस्टो भागातल्या एका गोदी कामगाराचा सोळा वर्षांचा मुलगा. ह्या एका तपशिलात मॉफट यांची नजर अचूक ठरली. पूर्व लंडनची वस्ती गोद्यांवर जगणारी. आणि नेमक्या त्याच काळात तिथल्या गोद्या एकामागून एक बंद पडत होत्या. ईस्ट इंडिया डॉक १९६७ मध्ये, सेंट कॅथरीन १९६८ मध्ये, लंडन डॉक्स १९६९ मध्ये. जुनी घरे पाडून उंच इमारती उठत होत्या. बापाचा धंदा मुलाकडे जाण्याची रीत संपत आली होती. जॉन क्लार्क ह्या अभ्यासकाने पुढे असे मांडले की, जाड बूट, गॅलस आणि आखूड पँट हा त्या पोरांनी चढविलेला आपल्या हरवत्या कामगार वस्तीचाच वेष होता. बूट होते डॉक्टर मार्टेन्सचे. ते १९६० सालापासून नॉर्दम्प्टनशायरमध्ये तयार होऊ लागले, आणि इंग्लंडात त्यांचे पहिले गिऱ्हाईक कष्टकरी मंडळी होती.

कादंबरीचा खप तुफान झाला. दहा वर्षांत ॲलन या नावाने ती धरून अठरा पुस्तके निघाली. पोरांनी केस थोडे वाढवून कोट चढवले की ‘स्यूडहेड’, फुटबॉलच्या मैदानावर दंगे झाले की ‘बूट बॉइज’, पुढे ‘ग्लॅम’, ‘पंक रॉक’, आणि १९८० साली शेवटचे ‘मॉड रूल’. फॅशन बदलली की पुस्तक तयार. काही पुस्तकांना मॉफट स्वतः प्रस्तावना जोडीत, आणि तीत ढिले कायदे, मऊ न्यायाधीश आणि बेशिस्त पालक यांच्या नावाने बोटे मोडीत. प्रस्तावनेत चाबूक मागायचा आणि पुढच्या पानांत त्याच मारामारीचे चवीने वर्णन करायचे, ह्यात त्यांना विसंगती वाटली नसावी. मला मात्र त्या प्रस्तावना पुस्तकांपेक्षा अधिक अस्वस्थ करतात.

१९७२ साली ‘स्किनहेड गर्ल्स’ आले. पाठोपाठ १९७३ मध्ये ‘सॉर्ट्स’ आणि १९७७ मध्ये ‘नकल गर्ल्स’. मुलींना मध्यभागी ठेवून लिहिलेली ही तीन पुस्तके. हा विषय कोणी घेतलाच नव्हता. निदान ह्या गृहस्थांनी घेतला, एवढे श्रेय त्यांस दिले पाहिजे. त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, पेंग्विनने ‘द पेंट हाऊस’ नावाचे पुस्तक काढले. त्यात पूर्व लंडनच्या एका टोळीतली पोरे स्वतः बोलली आहेत. पण तेही मुख्यत्वे मुलांचेच पुस्तक. मुलगी त्या टोळक्याच्या कडेला उभी असे, आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीतही ती कडेलाच राहिली.

परंतु मॉफट यांनी तिला मध्यभागी आणून केले काय? त्यांच्या पुस्तकांतली मुलगी एक तर कोणाच्या तरी मालकीची असते, नाही तर बूट घालून पुरुषाहून क्रूर झालेली असते. तिच्यावर होणारे अत्याचार ज्या सहजतेने, किंबहुना ज्या चटकदारपणे तिथे येतात, ते वाचताना संताप येतो. आणि त्या सगळ्या मुली एकाच आवाजात बोलतात. मी मुलींना गाणे शिकवतो. दहा जणींना एकच बंदिश दिली, तर आठवड्याने दहा निराळ्या बंदिशी ऐकू येतात. एकीचा षड्ज दबका, दुसरीची तान अधीर. पन्नास वर्षांच्या मॉफट यांच्या कानांवर तो फरक पडलाच नव्हता, कारण गुत्त्यात ते बोलले ते पोरांशी.

खऱ्या मुली कशा होत्या? पंधराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात, कारखान्यात, केस कापण्याच्या पार्लरमध्ये किंवा टंकलेखनाच्या नोकरीत लागलेल्या. शाळा सोडण्याचे वय सोळा झाले ते १९७२ मध्ये. पगारातला वाटा आईच्या हाती, आणि उरलेल्यातून कॉलरला गुंड्या लावण्याचा बेन शर्मनचा सदरा किंवा फ्रेड पेरीचा शर्ट. त्यांची केशरचना तर पाहण्यासारखी. डोक्यावर जवळजवळ मुलासारखे आखूड केस, कपाळावर झुलपे, आणि कानांपुढे व मानेवर पिसांसारख्या मोकळ्या बटा. तिला फेदरकट म्हणत. शनिवारी नाचाला जाताना दोन रंग झळकणाऱ्या कापडाचा जाकीट-स्कर्टचा जोड, पायांत लोफर. केस कापून घरी आलेल्या मुलीला आईबापांनी काय ऐकविले असेल, ते आपल्याकडच्या वाचकांस सांगावयास नको. निक नाइट यांच्या १९८२ च्या ‘स्किनहेड’ ह्या छायाचित्रांच्या पुस्तकात ह्या वेषाची बारकाईने नोंद आहे. अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर ह्या दोन विदुषींनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर एक निबंध लिहून पुरुष अभ्यासकांचा कान धरला. मुली दिसत नाहीत त्या नसतात म्हणून नव्हे. तुम्ही फक्त रस्त्यावर पाहता आणि त्यांचे जग पुष्कळसे घरातल्या खोलीत, मैत्रिणींत आणि तबकड्यांच्या भोवती असते, असा त्यांचा मुद्दा होता.

त्या तबकड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण मॉफट यांच्या कथांच्या मध्यभागी हे संगीत कुठेच नाही. १९६९ च्या स्किनहेड मुलामुलींचे संगीत होते जमैकाचे. १९४८ पासून वेस्ट इंडीजमधून जे लोक इंग्लंडात आले, त्यांनी ते आपल्याबरोबर आणले. शेजारच्या गोऱ्या पोरांनी ते त्यांच्याकडून उचलले. डेस्मंड डेकर यांचे ‘इझराएलाइट्स’ हे गाणे एप्रिल १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीत पहिले आले. ह्या रेगे संगीताची लय आपल्या कानाला प्रथम चकविते. चार मात्रांचे आवर्तन. पण गिटारचा तुटक ठोका मात्रांच्या मधल्या फटीत पडतो, आणि गाण्याची वाट मंद्रातला बास दाखवितो. ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात तर पहिली मात्रा ढोल मोकळीच सोडतो आणि घाव तिसऱ्या मात्रेवर घालतो. आपल्या हिशेबाने बोलायचे, तर सम रिकामी आणि जिथे खाली असावी तिथे आघात. पाय आपोआप त्या रिकाम्या जागेत पडतो. मुली त्या लयीवर नाचत होत्या. आणि त्यांची कथा लिहावयाची, तर ती तिथून सुरू व्हावयास हवी होती.

ह्यातला दैवदुर्विलास असा की, ती गाणी ज्या ‘ट्रोजन’ कंपनीच्या शिक्क्याने विकली जात, तिच्या संस्थापकांपैकी ली गोपथल हे जमैकात जन्मलेले भारतीय वंशाचे गृहस्थ होते. आणि त्याच नाचघरांतून बाहेर पडणारी काही टोळकी आशियाई माणसांना गाठून मारहाण करीत. एप्रिल १९७० मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसीर अली नावाच्या पाकिस्तानी कामगाराचा घराच्या वाटेवर खून झाला, आणि तिथली आशियाई वस्ती हादरून गेली. मॉफट यांच्या नायकाला हा द्वेष आहे, आणि तो वर्णिताना लेखकाचा आवाज नायकाच्या आवाजापासून पुरेसा दूर होत नाही. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्किनहेडांची दुसरी लाट आली, तेव्हा नॅशनल फ्रंटसारख्या पक्षांनी त्या पोरांत उघड भरती केली. ३ जुलै १९८१ रोजी साउथॉल ह्या पंजाबी वस्तीत अशा मंडळींचा वाद्यमेळ ठरला; वस्तीतले तरुण चिडून उठले आणि तो गुत्ता जळून खाक झाला. साऱ्याच स्किनहेडांना एका माळेत ओवणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच सुमारास कव्हेंट्रीच्या ‘टू टोन’ मंडळींनी काळे-गोरे वादक एकत्र आणून जुनी जमैकन लय पुन्हा वाजविली. त्यांत ‘द सिलेक्टर’ची गायिका पॉलिन ब्लॅक होती, आणि ‘द बॉडीस्नॅचर्स’ हा तर सबंध मुलींचाच संच होता. मॉफट यांनी ह्या मुलींवर पुस्तक लिहिले नाही.

तोवर त्यांचा हात थकला होता. दारूचे व्यसन जुने. ठरल्या तारखेला हस्तलिखित पोचेनासे झाले, आणि ‘मॉड रूल’नंतर ॲलनचे नवे पुस्तक आले नाही. ह्यानंतरच्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. प्रकाशकाला नवे विषय मिळाले, जुनी पुस्तके छापणे बंद झाले, आणि पूर्वी मास्तरांनी जप्त केलेल्या प्रती जुन्या बाजारात चढ्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. १९८८ मध्ये गायक मॉरिसी याने आपल्या पहिल्या स्वतंत्र गाण्याला ‘स्यूडहेड’ हे नाव दिले. ते नाव आले ॲलनच्या मुखपृष्ठावरून.

शेवटी त्यांना शोधून काढले ते एका वाचकानेच. स्कॉटलंडमधले जॉर्ज मार्शल स्वतः त्या पंथातले. ‘स्पिरिट ऑफ सिक्स्टीनाइन’ हा स्किनहेडांचा इतिहास त्यांनी १९९१ मध्ये लिहिला होता. १९९२ पासून त्यांनी रिचर्ड ॲलनची समग्र पुस्तके खंडशः छापावयास घेतली. मॉफट यांना एवढे पाहावयास मिळाले की, ज्यांच्यासाठी त्यांनी लिहिले होते ती पोरे आता प्रौढ होऊन तीच पुस्तके पुन्हा विकत घेत आहेत. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी बीबीसीने त्यांच्यावर एक माहितीपट दाखविला आणि त्याला त्यांच्याच एका कादंबरीचे नाव दिले, ‘स्किनहेड फेअरवेल’. मुलींची तिन्ही पुस्तके मार्शल यांनी एकाच खंडात बांधली आहेत.