सर्पगंधेला जगापुढे नेणारे डॉ. वकील

बारामती किंवा इंदापूरच्या औषध दुकानात आज रक्तदाबासाठी मागितली जाणारी गोळी बहुधा अम्लोडिपिन नाहीतर टेल्मिसार्टनची असते. सर्पगंधेच्या मुळीपासून निघालेली गोळी जुन्या डॉक्टरांच्या स्मरणातच उरली आहे. त्या मुळीला आधुनिक वैद्यकाचे दार उघडून देणारे डॉ. रुस्तम जाल वकील मुंबईचे होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल.

१९११ मध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले वकील लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन मुंबईत परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगाचे रुग्ण तपासू लागले. तो काळ रक्तदाबापुढे हात टेकण्याचा होता. मीठ तोडणे, विश्रांती, फार तर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, याहून अधिक काही वैद्यांच्या हाती नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदला गेला होता.

सर्पगंधा आपल्या वैद्यांना नवी नव्हती. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिचा रक्तदाबावरील गुण नोंदविला होता. पण देशाबाहेर त्याची दखल कोणी घेतली नाही. वकिलांनी केईएमच्या ५० रुग्णांवर या मुळीची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा वापर सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळाले.

यशाची दुसरी बाजूही होती. रेसर्पिनने काही रुग्णांना तीव्र औदासीन्य येई, नाक चोंदे. सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका छापली. पुढील अभ्यासांत ती टिकली नाही. पण ते पाहण्यास वकील हयात नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले होते.

दरम्यान, नवेच कोडे उभे राहिले होते. औषधांनी रक्तदाब उतरे, पक्षाघात घटत, मात्र हृदयविकाराचे झटके अपेक्षेइतके कमी होत नसत. संशय औषधांवर आला. लघवी वाढविणारी थायझाइड औषधे मोठ्या मात्रेत कोलेस्टेरॉल थोडे वाढवितात. जुनी बीटा-ब्लॉकर औषधे ट्रायग्लिसराइड वाढवून चांगले कोलेस्टेरॉल घटवितात. उलट अल्फा-ब्लॉकर रक्तातील चरबी किंचित सुधारतात. एसीई गटाच्या औषधांनी, रक्ताची गुठळी विरघळण्यास आडकाठी करणारे प्रथिन कमी होते, असेही काही अभ्यासांत आढळले.

मग चरबी सुधारणारी गोळीच बरी, हे ओघानेच आले. ४२ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘ऑलहॅट’ चाचणीने मात्र निराळेच दाखविले. त्यातील डॉक्साझोसिन या अल्फा-ब्लॉकरचा भाग २००० मध्ये थांबवावा लागला, कारण ते घेणाऱ्यांत हृदय कमकुवत होण्याचे प्रमाण अधिक होते. कोलेस्टेरॉल किंचित वाढविणारे स्वस्त क्लोरथॅलिडोन २००२ च्या निष्कर्षांत महागड्या औषधांच्या तोडीस तोड ठरले. पहिल्या गोळीने दाब आटोक्यात न आल्यास त्याच चाचणीत जी औषधे जोडण्याची मुभा होती, त्यांत रेसर्पिनही होते.