जॉर्ज पिअर्स बेकर : नाटकाला विद्यापीठात स्थान मिळवून देणारा शिक्षक

प्रस्तावना

संज्ञापन किंवा नाट्यशास्त्र हा विषय घेऊन विद्यापीठाची पदवी मिळवता येते, याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. महाराष्ट्रातील काही विद्यापीठांत नाट्यशास्त्राचे स्वतंत्र विभाग आहेत. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी ही कल्पनाच विचित्र वाटली असती. आपल्याकडे नट घडत असे तो नाटक मंडळीत, तालीममास्तरांच्या हाताखाली. अमेरिकेतही रीत फारशी वेगळी नव्हती. नाटकाची विद्या रंगभूमीवरच मिळवायची, विद्यापीठात फक्त नाटकाचे पुस्तक वाचायचे, अशी विभागणी सर्वांनी मान्य केली होती. ही विभागणी ज्यांनी मोडली त्यांत जॉर्ज पिअर्स बेकर या प्राध्यापकाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. या घटकात आपण त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून घेणार आहोत.

वक्तृत्वाकडून नाटकाकडे

बेकर यांचा जन्म ४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स या गावी झाला. १८८७ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी तेथील इंग्रजी विभागात अध्यापन करू लागले. त्यांच्याकडे आलेला विषय नाटकाचा नव्हता. ते युक्तिवाद आणि भाषणकला शिकवीत. युक्तिवादाच्या तत्त्वांवरील त्यांचे पाठ्यपुस्तक १८९५ मध्ये आणि जाहीर भाषणाच्या प्रकारांवरील पुस्तक १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले.

हा तपशील तुम्ही विशेष लक्षात ठेवावा, कारण बेकर यांच्या पुढील कार्याचे बीज त्यातच आहे. युक्तिवाद शिकवणाऱ्याला सतत एक प्रश्न विचारावा लागतो : समोरचा श्रोता कोण आहे, आणि त्याच्यापर्यंत हे पोहोचेल का? विचार कितीही खरा असला, तरी तो ऐकणाऱ्याच्या मनात उतरला नाही तर भाषण फसते. हाच प्रश्न बेकर यांनी नाटकाला लावला. शेक्सपिअरविषयी १९०७ मध्ये त्यांनी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही शेक्सपिअर हा आपल्या काळातील प्रेक्षकांसाठी लिहिणारा आणि लिहिता लिहिता आपली कला शिकत गेलेला नाटककार म्हणून समोर येतो. शेक्सपिअरसारखा नाटककार जर शिकत शिकत घडला असेल, तर ते शिक्षण इतरांनाही देता येईल, असा बेकर यांचा विश्वास होता.

‘४७ वर्कशॉप’

बेकर यांनी नाट्यलेखनाचा वर्ग प्रथम रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयात घेतला आणि नंतर हार्वर्डमध्ये सुरू केला. हार्वर्डमधील या अभ्यासक्रमाचा क्रमांक ४७ होता. एडवर्ड शेल्डन या त्यांच्या तरुण विद्यार्थ्याचे ‘साल्व्हेशन नेल’ हे नाटक १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर गाजले, तेव्हा या वर्गाकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले.

तथापि बेकर यांना एक उणीव जाणवत होती. विद्यार्थी नाटक लिहीत, वर्गात वाचत, त्यावर चर्चा होई. पण कागदावरचे नाटक हे अजून नाटक नव्हते. म्हणून १९१२ मध्ये त्यांनी अभ्यासक्रमाला जोडून एक प्रयोगशील नाट्यगट उभा केला. अभ्यासक्रमाच्या क्रमांकावरून त्याला ‘४७ वर्कशॉप’ असे नाव पडले. येथे विद्यार्थ्यांची नाटके प्रत्यक्ष उभी राहत. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा ही सर्व कामे गटातील मंडळीच करीत. प्रेक्षक निमंत्रित असत आणि प्रयोग पाहिल्यावर त्यांनी आपला अभिप्राय लिहून द्यावा अशी अपेक्षा असे. लेखकाला आपले कोणते दृश्य पोहोचले आणि कोणते कोसळले, हे त्यातून कळे. वक्तृत्वाच्या वर्गातला श्रोता येथे नाट्यगृहात येऊन बसला होता, असे आपल्याला म्हणता येईल.

विद्यार्थी आणि शिक्षणाच्या मर्यादा

१९१४ च्या शरद ऋतूत युजीन ओनील हा तरुण बेकर यांच्या वर्गात दाखल झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातील त्याचे शिक्षण अर्धवट राहिले होते. त्याने जहाजावर खलाशाचे काम केले होते आणि क्षयरोगामुळे काही महिने आरोग्यधामात काढले होते. तो नियमित पदवीचा नव्हे, तर विशेष विद्यार्थी म्हणून आला आणि एक वर्ष राहिला. १९२० पासून त्याच्या नाटकांना पुलित्झर पारितोषिके मिळत गेली आणि १९३६ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. नोकरी आणि संसार सांभाळून, शिक्षणाच्या नेहमीच्या वाटेबाहेरून अभ्यासाकडे परतलेल्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना या उदाहरणाचे मोल वेगळे सांगायला नको.

टॉमस वुल्फ यांचे उदाहरण याच्या उलट आहे. १९२० ते १९२३ अशी तीन वर्षे त्यांनी बेकर यांच्याकडे काढली. १९२३ मध्ये वर्कशॉपने त्यांचे एक नाटक सादरही केले. पण त्यांची नाटके अतिशय लांब होत, पात्रांची गर्दी आवरत नसे आणि व्यावसायिक रंगभूमीने त्यांना स्वीकारले नाही. अखेर ते कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे आपल्या एका कादंबरीत त्यांनी बेकर यांच्यावर आधारित प्राध्यापकाचे पात्र रंगवले, आणि ते केवळ गौरवपर नाही.

या दोन उदाहरणांवरून काय दिसते? बेकर यांनी प्रतिभा देण्याचा दावा केला नाही. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाट्यतंत्रावरील ग्रंथातही त्यांचा भर तंत्रावर, म्हणजे अनुभवाला रंगमंचावर आकार कसा द्यावा यावर आहे. आकार देण्याची रीत शिकवता येते. त्या आकारात ओतायचे द्रव्य विद्यार्थ्याने स्वतःच आणावे लागते.

हार्वर्डचा नकार आणि येल

वर्कशॉपची कीर्ती वाढली, तरी हार्वर्डमध्ये त्याचे स्थान दुय्यमच राहिले. बेकर यांना स्वतंत्र नाट्यगृह हवे होते आणि नाट्यलेखनाला पदवीचा दर्जा हवा होता. विद्यापीठाने यांपैकी काहीही दिले नाही. रंगमंचावरील काम हे विद्वत्तेचे काम आहे का, हा या मतभेदाच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. दरम्यान, एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थाने येल विद्यापीठाला नाट्यशिक्षणासाठी १० लाख डॉलरची देणगी दिली. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या बेकर यांनी, जेथे स्वतः शिकले आणि साडेतीन दशकांहून अधिक काळ शिकवले, ते हार्वर्ड सोडले. १९२५ मध्ये येलच्या नव्या नाट्यविभागाची सूत्रे त्यांनी हाती घेतली.

१९२६ मध्ये तेथे विद्यापीठाचे स्वतःचे नाट्यगृह सुरू झाले. आता नाट्यलेखनाबरोबर दिग्दर्शन, नेपथ्य आणि प्रकाशयोजना हे विषयही शिकवले जाऊ लागले. स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी प्रकाशयोजनेला तेथेच शास्त्रीय बैठक दिली. नाटक हे अनेक कलांचे एकत्रित कार्य आहे, ही बेकर यांची भूमिका आता विभागाच्या रचनेतच उतरली होती.

१९३३ मध्ये बेकर निवृत्त झाले आणि ६ जानेवारी १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांची विद्यार्थिनी हॅली फ्लॅनगन हिने मंदीच्या काळात बेकार रंगकर्मींना काम देणाऱ्या फेडरल थिएटर प्रोजेक्ट या सरकारी योजनेचे नेतृत्व स्वीकारले.

समारोप

बेकर यांचे स्वतःचे नाव नाटककार म्हणून घेतले जात नाही. त्यांचे कार्य शिक्षकाचे आहे. नाटक समजून घेण्यासाठी ते प्रेक्षकांसमोर घडलेले पाहावे लागते, आणि म्हणून नाटक शिकवणाऱ्या विद्यापीठात ग्रंथालयाइतकाच रंगमंचही आवश्यक आहे, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. तुमच्या अभ्यासक्रमातील एखादे नाटक पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा त्यातील एक प्रवेश चार-पाच जणांसमोर मोठ्याने वाचून पाहा. बेकर यांच्या पद्धतीचा अर्थ तुम्हाला अनुभवाने कळेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. भाषणकलेच्या अध्यापनाचा बेकर यांच्या नाट्यविचारावर कोणता परिणाम झाला, ते स्पष्ट करा.
२. ‘४७ वर्कशॉप’मध्ये प्रेक्षकांचे कार्य कोणते होते?
३. ओनील आणि वुल्फ यांच्या उदाहरणांच्या आधारे नाट्यशिक्षणाची शक्ती आणि मर्यादा यांची चर्चा करा.