विश्लेषण : घरातले वाय-फाय आणि जगदीशचंद्र बोस यांचा संबंध काय?

मोबाइलच्या पडद्यावरील वाय-फायचे चिन्ह गायब झाले की घरात लगेच आरडाओरड सुरू होते. या चिन्हामागच्या अदृश्य लहरींवर सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यात एका प्राध्यापकाने मूलभूत काम केले होते. त्यांना अनेकदा वाय-फायचे जनक म्हटले जाते. हा दावा कितपत खरा?

जगदीशचंद्र कोण होते?

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग (आता बांगलादेश) येथे झाला. वडील सरकारी सेवेत होते, तरी त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. लंडनमधील वैद्यकीय शिक्षण प्रकृतीमुळे सोडावे लागल्यावर जगदीशचंद्र केंब्रिजला विज्ञान शिकले. १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले.

पगाराचा वाद काय होता?

भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्यापेक्षा कमी पगार मिळे. बोस यांनी शिकवणे थांबवले नाही, पण तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. अखेर सरकार नमले आणि त्यांना थकबाकीसह पूर्ण वेतन मिळाले.

१८९५ मध्ये काय घडले?

जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी रेडिओ लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते, पण त्या लांब होत्या. बोस यांनी कॉलेजातील लहानशा खोलीत अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यासाठीची उपकरणे स्थानिक कारागिराकडून बनवून घेतली. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तारेविना दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली.

पेटंट का घेतले नाही?

ज्ञानातून पैसा कमावणे त्यांना पटत नव्हते. लहरी टिपणाऱ्या पाऱ्याच्या उपकरणाची माहिती त्यांनी १८९९ मध्ये खुलेपणाने प्रसिद्ध केली. १९०१ च्या अखेरीस मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडचा संदेश टिपला, तो याच पद्धतीच्या उपकरणाने. मित्रांच्या आग्रहामुळे बोस यांनी दुसऱ्या एका शोधासाठी अर्ज केला. १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालेही, मात्र त्यातून कमाई करण्याच्या फंदात ते पडले नाहीत.

वाय-फाय चालते कसे?

घरातील डबा दोन कामे करतो. त्यातील अ‍ॅक्सेस पॉइंट सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव हवेत जाहीर करतो. फोन ते ऐकतो, पासवर्ड जुळला की जोडला जातो. सर्व उपकरणांना एकच वाट वापरायची असल्याने प्रत्येक जण आधी कानोसा घेतो आणि वाट मोकळी असेल तरच बोलतो. घरात उपकरणे वाढली की वेग मंदावतो, तो यामुळेच. दुसरे काम राउटरचे. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरील पत्ता वाचून ते घरातल्याच टीव्हीकडे पाठवायचे की बाहेर इंटरनेटवर, हे तो ठरवतो.

मग बोस यांचा वाटा कोणता?

नेहमीच्या २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायची लहर सुमारे १२.५ सेंटिमीटर लांब असते, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटिमीटर. ६० गिगाहर्ट्झची लहर मात्र फक्त ५ मिलिमीटरची, म्हणजे बोस यांनी हाताळलेल्या टप्प्यातली. वायगिग हे वाय-फायचे अतिवेगवान रूप तीच वापरते. भिंत आली की ही लहर अडते, म्हणून तिचा उपयोग मुख्यतः एकाच खोलीत होतो.

वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले आणि ते अनेकांच्या प्रयत्नांचे फळ आहे. त्यामुळे बोस यांना त्याचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण या लहानग्या लहरी निर्माण करून, वळवून, टिपून दाखवणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत ते होते, हे निर्विवाद. १९१७ मध्ये आपल्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात संशोधन संस्था उभारली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. संस्थेचे काम आजही सुरू आहे.