प्रोफेसर केळफा

दादासाहेब फाळके हे नाव १९६९ पासून दिल्या जाणाऱ्या पुरस्कारामुळे सर्वतोमुखी झाले आहे. आपल्या रायपुरातील महाराष्ट्रीय घरांतली मुलेही 'भारतीय चित्रपटाचे जनक' एवढे घडाघडा म्हणून मोकळी होतात. या गृहस्थांनी एके काळी स्वतःचे आडनाव उलटे फिरवून जादूचे प्रयोग केले होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. फाळके उलट वाचले की केळफा! त्या प्रोफेसर केळफांविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने चार शब्द लिहीत आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी एका शास्त्र्यांच्या घरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन आणि मग गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय, असा त्यांचा प्रवास झाला. गोध्र्यातच प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यातली नोकरी झाली, लोणावळ्यास छापखाना झाला. हातचलाखीची विद्या मात्र या साऱ्या धडपडीत त्यांच्यापाशी राहिली.

तिकडे पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार स्वतःचे नाट्यगृह चालवीत असे. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहून तो या यंत्राच्या मागे लागला. एकदा भर रस्त्यावर चित्रण करताना त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर प्रवासी गाडीची एकाएकी प्रेतवाहिका झालेली दिसली, असे तो सांगत असे. कॅमेरा थांबवावा, वस्तू बदलावी, पुन्हा सुरू करावा, चमत्कार तयार! १८९६ मध्ये त्याने सैतानाच्या हवेलीचे तीनेक मिनिटांचे चित्र काढले. त्यात वटवाघुळाचा सैतान होतो, सांगाडे प्रकटतात आणि शेवटी क्रूस पाहून तो सैतान नाहीसा होतो. पुष्कळ अभ्यासक भयपटाचा आरंभ इथूनच धरतात.

फाळक्यांना ही ओढ लागली ती १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्या वेडापायी त्यांची दृष्टी काही काळ गेली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक केला, शिवाय फिल्मला भोके पाडण्याचे किचकट कामही शिकून घेतले. या माउलीच्या नावे एखादा पुरस्कार का नसावा, असे मला नेहमी वाटते.

३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या उपाहारगृहातील तरुणाला लुगडे नेसवले गेले. १९१७ च्या 'लंकादहना'त तर राम आणि सीता दोन्ही तेच! मारुती आकाशात झेपावला की प्रेक्षकांचे हात जोडले जात.

पण केळफांची खरी करामत १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्मा'त आहे. कंसाला भास होतो. त्याचे शिर धडावेगळे होऊन वर तरंगू लागते, चहूकडे कृष्णच कृष्ण दिसतात. काळ्या पडद्यापुढे चित्रण केले की फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. ती फिल्म मागे फिरवून त्या कोऱ्या जागी दुसरे चित्र उमटवता येते. अशा युक्त्या मेलिएसच्या काळापासून रूढ होत्या. मात्र मेलिएसचा सैतान समोर येईल त्याला भिववतो. फाळक्यांच्या चित्रात भीती पाप्याच्या वाट्याला आणि प्रेक्षकाच्या वाट्याला दर्शन. भयाचा असा उपयोग करायला कीर्तनाच्या परंपरेत वाढलेलाच माणूस हवा होता.

दोघांचेही अखेरचे दिवस कष्टात गेले. मेलिएसने १९२३ मध्ये आपल्या फिल्मा स्वतःच जाळल्या आणि पॅरिसच्या एका स्टेशनावर खेळणी विकली. फाळक्यांनी बोलपटांच्या जमान्यात कोल्हापुरास 'गंगावतरण' काढला, १९३७ मध्ये. तो त्यांचा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात ते वारले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती.

त्यांच्या बहुतेक फिल्मा काळाच्या उदरात गेल्या. 'श्रीकृष्णजन्मा'चा मात्र थोडा भाग सुदैवाने शिल्लक आहे. त्यात कंसाचे ते शिर अजून तरंगते, आणि बाळकृष्ण झालेली चिमुरडी, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, अजून आपल्याकडे पाहते.