संगमरवरी घुमटाखालचा माणूस

मार्चअखेर वॉशिंग्टनला जाण्याचा योग आला. टायडल बेसिन नावाच्या तळ्याकाठी चेरीची झाडं नुसती फुलून गेली होती. १९१२ साली टोकियो शहराने तीन हजारांवर झाडं भेट दिली, तेव्हापासूनचा हा बहर! पाण्यापलीकडे पांढराशुभ्र घुमट दिसतो, तो जेफरसन मेमोरियल. थॉमस जेफरसनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, १३ एप्रिल १९४३ रोजी, त्याचं उद्घाटन झालं. आत १९ फुटी पुतळा. युद्धामुळे धातू मिळेना, म्हणून आधी प्लास्टरचा उभा केला. ब्राँझचा १९४७ मध्ये आला.

मित्रांनो, हा माणूस आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये शोभला असता. शिकला वकिली, पण मॉन्टिसेलो हे घर स्वतः डिझाइन केलं. नांगराचा माती पलटणारा भाग गणिताने सुधारला. म्हातारपणी व्हर्जिनिया विद्यापीठ काढलं आणि इमारतींचे नकाशेही स्वतःच केले. तिथल्या रोटुंडासाठी त्याने रोमचं पॅन्थिऑन डोळ्यांसमोर ठेवलं. मेमोरियलचा आराखडा करताना आर्किटेक्ट जॉन रसेल पोप यानेही तेच वळण घेतलं.

१७७६ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला. सगळी माणसं जन्मतः समान, हा त्याचा पाया. पुढे १८०१ ते १८०९ तो राष्ट्राध्यक्ष होता.

इथेच माझं गणित अडलं. याच माणसाने आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले. गुलामी वाईट, असं लिहीत राहिला. मुक्त केले मात्र मोजकेच. जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ ला, तो कर्जात बुडालेला असताना वारला. पुढच्याच जानेवारीत मॉन्टिसेलोवरच्या १३० गुलामांच्या लिलावाची जाहिरात निघाली.

मग पुतळ्याला हात जोडायचे की पाठ फिरवायची? मला वाटतं, दोन्ही नको. ड्रॉइंग बरोबर होतं, बांधकाम त्याने स्वतःच चुकवलं. पण ड्रॉइंग शिल्लक होतं, म्हणून पुढच्यांना चूक दाखवता आली. गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांनी त्याच जाहीरनाम्यावर बोट ठेवलं आणि १८६५ मध्ये ती कायद्याने संपली. इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त केल्याबद्दल. समतेचं वाक्य लिहिणाऱ्याइतकाच ते खरं करणाऱ्यांचाही मान असतो, हे फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.