पुण्यात अनवाणी पळणारे शेतकरी बघितले आणि दोराबजी टाटांनी भारताची टीम ऑलिम्पिकला पाठवली

साल होतं १९१९. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावण्याच्या शर्यती सुरू होत्या. आयोजकांची हौस दांडगी होती, पण नियमांची माहिती बेताचीच. १०० यार्डांची शर्यत ते वळणावरून पळवायला निघाले होते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरले होते आसपासचे शेतकरी. ना पायात बूट, ना कुणी कोच. पण त्यांनी घेतलेली वेळ बघून जिमखान्याचे अध्यक्ष चकित झाले. ही वेळ युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची होती.

ते अध्यक्ष म्हणजे सर दोराबजी टाटा.

जमशेदजी टाटांचे हे थोरले चिरंजीव. जन्म २७ ऑगस्ट १८५९, मुंबईचा. शिक्षणासाठी केंब्रिजला गेले आणि तिथे खेळाचं वेड घेऊन परतले. घोडेस्वारी तर अशी की एकदा मुंबईहून खडकीपर्यंत नऊ तासांत घोड्यावरून गेल्याचं सांगतात. मुंबईत परतल्यावर शाळाशाळांमध्ये क्रिकेट आणि मैदानी स्पर्धा रुजवायचं काम त्यांनी केलं.

१९०४ मध्ये जमशेदजी गेले. पोलाद कारखान्याचं त्यांचं स्वप्न अर्धवट होतं, ते दोराबजींनी पूर्ण केलं. १९१२ मध्ये जमशेदपूरला पोलाद तयार होऊ लागलं.

आता परत पुण्याच्या मैदानावर येऊ.

त्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड तिथे पाहुणे होते. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिम्पिक होणार होतं. दोराबजींनी संधी साधली आणि आपले खेळाडू पाठवायचा विषय काढला. त्याआधी १९०० मध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी पॅरिसमध्ये दोन रौप्यपदकं जिंकली होती, पण ते एकटे होते. भारताची अशी टीम कधी गेलीच नव्हती.

देश इंग्रजांच्या ताब्यात, स्वतःचा झेंडा नाही. तरीही भारत या नावाने टीम उतरवायची परवानगी मिळाली. पैशाची जुळवाजुळव सुरू झाली, दोराबजींनी स्वतःच्या खिशातून मोठी रक्कम घातली.

टीममध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, बंगालचे पी. सी. बॅनर्जी असे धावपटू होते. सोबत कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल.

अँटवर्पची मॅरेथॉन होती ४२.७५ किलोमीटरची. आजच्या मॅरेथॉनपेक्षाही जास्त. फिनलंडच्या कोलेहमाइनेन यांनी ती जिंकली. तेव्हा नुकताच स्वतंत्र झालेला चिमुकला एस्टोनिया दुसरा आला. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही, पण बेळगावच्या चौगुलेंनी ती पूर्ण केली आणि १९ वा नंबर पटकावला. कुस्तीत शिंदेंचं पदक थोडक्यात हुकलं.

टीम पदकाविना परतली. पण दोराबजी थांबले नाहीत. त्याच वर्षी ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी देशभरातून खेळाडू निवडायची पद्धत सुरू झाली. गंमत म्हणजे त्याच काळात टाटा स्टील बुडायच्या बेताला आली होती. दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता गहाण टाकून एक कोटीचं कर्ज काढलं आणि कंपनी वाचवली.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष अर्थातच दोराबजी. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये भारताच्या हॉकी टीमने सुवर्णपदक जिंकलं.

१९३१ मध्ये पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. अपत्य नव्हतं. १९३२ मध्ये दोराबजींनी आपली संपत्ती ट्रस्टला देऊन टाकली. मग मेहेरबाईंच्या समाधीला भेट द्यायला ते इंग्लंडकडे निघाले, पण वाटेत जर्मनीतच ३ जून १९३२ रोजी त्यांचं निधन झालं. इंग्लंडमध्ये मेहेरबाईंच्या शेजारीच त्यांची समाधी आहे.

त्यांच्या ट्रस्टमधून पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं, ते सगळ्यांना माहिती आहे. पण भारताच्या ऑलिम्पिकची सुरुवात पुण्याच्या मातीत अनवाणी पळणाऱ्या शेतकऱ्यांपासून झाली, हे फारच थोड्यांना माहिती असतं. त्या शेतकऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. पण त्यांना पळताना बघून भारताला ऑलिम्पिकची वाट सापडली.